बोटीतली बॅटरी, तिचा गॅस आणि रात्री वाजणारा अलार्म: व्हेंटिलेशन नीट कसं करायचं

रात्रीचे पावणेतीन. शिडाची बोट धक्क्याला बांधलेली, बाहेर पाऊस म्हणून सगळी हॅचेस (डेकवरची झाकणं) बंद, शोअर पॉवर (धक्क्यावरची वीज) लावलेली, चार्जर चालू, आम्ही दोघं गाढ झोपेत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कानठळ्या बसवायला लागला. झोपेत पहिला विचार हाच आला की इंजिन दुपारपासून बंद आहे, शेगडी संध्याकाळीच बंद केलीय, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आहे, मग सीओ (कार्बन मोनॉक्साइड) येणार कुठून, अलार्मच बिघडला असणार. बटण दाबून गप्प केला. चार मिनिटांत परत सुरू. पुन्हा हात पुढे केला तेव्हा मित्र म्हणाला, "अरे थांब, बटण नको, आधी बाहेर चल."

बाहेर आलो, धक्क्यावरच्या खांबावरनं शोअर पॉवर बंद केली, बाहेरनं हाताला येतील ती हॅचेस उघडी टाकली आणि पावसात भिजत अर्धा तास उभे राहिलो. मग मागच्या बंकखालची (झोपायच्या बाकाखालची) फळी उचलली तर सडक्या अंड्यांचा वास, तीन एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्यांपैकी मधली दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि तिच्यावर तळहात दोन सेकंदही ठेववेना. अलार्म बिघडलेला नव्हताच. सीओच्या अलार्ममध्ये बहुतेक वेळा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतो आणि त्याला हायड्रोजन आला तरी सीओ आल्यासारखंच वाटतं. आमच्या डोक्याखाली दीड फुटावर एक बॅटरी हायड्रोजन ओकत होती आणि मी मात्र अलार्मचं तोंड दाबत होतो.

त्या रात्रीनंतर मी बोटीची सगळी व्यवस्था नव्याने केली. खाली जे लिहितोय ते सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: कुठला गॅस कुठे जातो ते आधी डोक्यात पक्कं बसवा. हवेचं भोक कुठे पाडायचं, अलार्म कुठे लावायचा, वाजल्यावर कुठल्या क्रमाने काय करायचं, हे सगळं मग त्यातूनच ठरतं.

आधी चार गॅस ओळखून घ्या

हायड्रोजन हवेपेक्षा साधारण चौदापट हलका. तो वर जातो, छताला चिकटतो, डेकखालच्या बीममध्ये जो उलट्या ताटासारखा खळगा असतो तिथे साठतो. हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो, इतका मोठा पट्टा फार थोड्या गॅसचा असतो. पेटायला लागणारी ठिणगीही अगदी बारीक पुरते, एलपीजीला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याची. वास नाही, रंग नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्योतसुद्धा धड दिसत नाही.

एलपीजी उलटा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. तो पाण्यासारखा खाली वाहत जाऊन बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, बसतो, आणि बोटीचं हल (बाहेरचं शरीर) म्हणजे खालून बंद भांडंच, घरात दाराच्या फटीतून जसा निघून जातो तसा इथून आपणहून निघत नाही. साधारण २ टक्के झाला की पेटायला तयार.

कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, त्यामुळे तो वर-खाली न जाता सगळीकडे मिसळतो. हा इंजिनाच्या, जनरेटरच्या, हीटरच्या, शेगडीच्या धुरातून येतो, लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून नाही. शेजारच्या बोटीचा जनरेटर चालू असेल आणि वारा तिकडून इकडे असेल तर तुमच्या बोटीत काहीही चालू नसताना येतो.

चौथा हायड्रोजन सल्फाइड, तो सडक्या अंड्यांचा वास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी बेसुमार ओव्हरचार्ज झाली, तापली, की निघतो. हवेपेक्षा थोडा जड आणि विषारी. ह्याची वाईट खोड अशी की प्रमाण वाढलं, साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) आसपास गेलं, की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे "मघाशी वास होता, आता नाही, गेला वाटतं" हे म्हणण्याची सोय नाही.

पायरी १: आपल्या बॅटऱ्या किती गॅस काढू शकतात ते मोजा

पाणी टाकायच्या बॅटरीत चार्जिंगच्या शेवटी पाण्याचंच विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे, म्हणजे सेलमागे २.४ व्होल्टच्या पुढे, हे जोरात होतं. एजीएम आणि जेलमध्ये हा गॅस बराचसा आतच परत पाणी होतो, म्हणून त्या "सीलबंद". पण त्यांनाही व्हॉल्व्ह असतो आणि आतला दाब वाढला की तो उघडतो. सीलबंद म्हणजे गॅस निघतच नाही असं समजून बंकखाली हवाबंद खोक्यात टाकलेल्या एजीएम मी अनेक बोटींत पाहिल्यात, माझीही तशीच होती.

आता हिशोब. ओव्हरचार्जचा १ अँपिअर-तास एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन काढतो. १२ व्होल्टला सहा सेल, म्हणजे अडीच लिटर. बॅटरी भरून गेल्यावरही चार्जर १० अँपिअर ढकलत राहिला तर तासाला २५ लिटर. माझा लॉकर ९० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरचा, म्हणजे २७० लिटर. त्याचे ४ टक्के जेमतेम ११ लिटर. हवा खेळती नसेल तर अर्ध्या तासाच्या आत लॉकर पेटण्याजोगा. हा आकडा मी कागदावर काढला त्या दिवशी मला खरी भीती वाटली, त्या रात्री वाटली नव्हती इतकी. तुम्ही पण तुमच्या लॉकरची मापं घेऊन हा हिशोब एकदा कराच, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि आता ती गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. सहापैकी एक सेल शॉर्ट झाला की चार्जरचे तेच १४.४ व्होल्ट उरलेल्या पाच सेलमध्ये वाटले जातात, सेलमागे २.८८ व्होल्ट. म्हणजे ते पाचही उकळायला लागतात. चार्जरला ह्यातलं काही कळत नाही, त्याला वाटतं बॅटरी अजून भरली नाही, तो करंट देतच राहतो. बरं, चार्जर बंद केला तरी संपत नाही: पॅरलल जोडलेल्या शेजारच्या चांगल्या बॅटऱ्या १२.८ व्होल्टला असतात, ते पाचात वाटले तर २.५६, म्हणजे अजूनही गॅस निघायच्या पातळीच्या वरच. चांगल्या बॅटऱ्या त्या बिघडलेलीला आतल्या आत चार्ज करत राहतात. आम्ही शोअर पॉवर बंद करून अर्ध्या तासाने फळी उचलली तरी ती इतकी गरम का होती ह्याचं उत्तर हे.

म्हणून पॅरलल बॅंकमधल्या, म्हणजे अशा एकत्र जोडलेल्या संचातल्या, प्रत्येक बॅटरीला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा आयसोलेटर स्विच (ती एकटी बाकीच्यांपासून तोडायचा) हवा, आणि तो स्विच बॅटरीच्या खोक्याबाहेर हवा. खोक्यात हात घालून पान्याने टर्मिनल सोडायची वेळ आली तर तिथे उडणारी ठिणगी नेमकी हायड्रोजनच्या मधोमध उडते.

पायरी २: हवेची वाट

तत्त्व सोपं आहे: ताजी हवा तळाशी आत, गॅस सर्वात उंच जागेतून बाहेर. पण बोटीत "सर्वात उंच जागा" ही गोष्ट धक्क्यावर उभं राहून ठरवायची नाही. शिडावर चालताना बोट २० ते ३० डिग्री कलते. धक्क्याला बांधलेली असताना जो कोपरा सर्वात उंच होता तो कलल्यावर खाली जातो आणि हायड्रोजन लॉकरच्या दुसऱ्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, तिथे भोक नाही. इंजिनावरचा अल्टरनेटर तर तेव्हाही चार्ज करत असू शकतो. म्हणून लॉकर आडवा रुंद असेल तर वरच्या दोन्ही बाजूंना, डावीकडे आणि उजवीकडे, भोकं हवीत आणि दोन्ही नळ्या वर जाऊन मग एकत्र आल्या तरी चालतील.

नळी सतत चढती हवी. मध्ये झोळ पडला तर त्यात पाणी साठतं आणि वाट बंद होते, कोपरा वर जाऊन परत खाली आला तर तिथे गॅस अडकतो. बाहेरच्या टोकाला पाणी शिरू नये म्हणून जे खाली वळलेलं तोंड असतं तेवढंच आखूड खालचं वळण चालेल, तेही डेकच्या वर, उघड्यावर. नळीचं तोंड केबिनमध्ये उघडायचं नाही, इंजिनच्या जागेत नाही, आणि सिलिंडरच्या लॉकरमध्ये तर अजिबात नाही. कॉकपिटच्या बंद लॉकरमध्ये सोडलेली नळी म्हणजे एका खोक्यातला गॅस दुसऱ्या खोक्यात नेऊन ठेवणं झालं.

किती मोठी नळी? ह्यासाठी आयईसी ६२४८५-२ ह्या मानकातलं सूत्र वापरता येतं. ते मुळात जमिनीवरच्या बॅटरी खोल्यांसाठी आहे, पण सुरुवातीला धरायला चांगलं आहे. दर तासाला लागणारी हवा घनमीटरमध्ये अशी निघते:

०.०५ × सेलची संख्या × गॅसचा करंट × बॅंकचे अँपिअर-तास ÷ १०००

गॅसचा करंट मिलिअँपिअरमध्ये, दर अँपिअर-तासामागे: पाण्याच्या बॅटरीला जोरात चार्ज होताना २०, एजीएम-जेलला ८. आलेल्या उत्तराला २८ ने गुणलं की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या भोकाचं प्रत्येकी क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतं.

४०० अँपिअर-तासाची पाण्याची बॅंक घ्या. ०.०५ × ६ × २० × ४०० ÷ १००० = २.४ घनमीटर. गुणिले २८, म्हणजे ६७ चौरस सेंटिमीटर. ५० मिलीमीटरच्या नळीचं तोंड जेमतेम २० चौरस सेंटिमीटर असतं, ७५ च्या नळीचं ४४, १०० च्या नळीचं ७८. म्हणजे १०० मिलीमीटरची नळी लागणार, आत येतानाही आणि बाहेर जातानाही. तेवढीच बॅंक एजीएमची असेल तर २७ चौरस सेंटिमीटर, ७५ ची नळी आरामात पुरते. जाळी बसवली की क्षेत्रफळ कमी होतं, ते धरून एक माप मोठंच घ्या. आणि एक लक्षात ठेवा, हे सूत्र धडधाकट बॅटरीचं आहे, मेलेल्या सेलचं नाही. त्याच्याखाली जायचं नाही, वर कितीही.

पायरी ३: पंखा, लागला तर

नळी दीड-दोन मीटरपेक्षा लांब झाली किंवा बॅंक मोठी असली तर नुसत्या हवेच्या ओढीवर भागत नाही. इथे लोक हमखास एक चूक करतात, साधा कॉम्प्युटरचा नाहीतर गाडीचा पंखा बाहेर जाणाऱ्या नळीत बसवतात. म्हणजे मोटर बरोब्बर हायड्रोजनच्या झोतात. त्याऐवजी पंखा खालच्या, आत येणाऱ्या वाटेवर बसवा, ताजी हवा आत ढकलू द्या, गॅस वरून आपोआप बाहेर पडतो. आणि पंखा ठिणगीपासून संरक्षित, म्हणजे आयएसओ ८८४६ प्रमाणे तपासलेलाच घ्या, तसं त्याच्यावर लिहिलेलं असतं.

पंखा चार्जरशी जोडून टाका, चार्जर सुरू झाला की पंखा सुरू, चार्जर बंद झाल्यावर अजून अर्धा तास चालू. स्विच लावून "मी लक्षात ठेवीन" ह्यावर जाऊ नका, दमून आल्यावर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हवा खरंच फिरतेय का ते बघायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी आतल्या भोकाजवळ धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. धूर सोडून बघायचा मोह होतो, पण बॅटरीजवळ जळती कुठलीच वस्तू नको, चार्जर बंद असला तरी नको.

पायरी ४: बॅटरी जागेवर घट्ट

हे थोडक्यात. हाताने जोर लावून ओढली तर कुठल्याही दिशेला २५ मिलीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पाण्याची बॅटरी असेल तर खाली अ‍ॅसिड न खाणारा ट्रे, आणि एका हलच्या शिडाच्या बोटीत ४५ डिग्री कलेपर्यंत सांडलेलं अ‍ॅसिड त्या ट्रेमध्येच राहिलं पाहिजे. टर्मिनलवर टोपणं. बॅटरीच्या वर सुटी हत्यारं ठेवायची नाहीत, लाटेत एक पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला की संपलं. इंधनाची टाकी किंवा फिल्टर बॅटरीच्या थेट वर किंवा खाली नको.

बॅटरी बिल्जच्या तळाशी नको, ह्याचं कारण मात्र सांगायलाच हवं. समुद्राचं खारं पाणी बॅटरीच्या अ‍ॅसिडमध्ये शिरलं की क्लोरीन तयार होतो. जुन्या पाणबुड्यांतले लोक ह्याच गोष्टीला फार घाबरायचे. आधीच बोटीत पाणी येतंय आणि त्यात केबिनमध्ये क्लोरीन, अशी वेळ येऊ नये म्हणून बॅटरी जितकी उंच आणि कोरडी ठेवता येईल तितकी ठेवा.

पायरी ५: गॅस मुळातच कमी निघेल असं चार्जिंग

चार्जरमध्ये बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का ते आज बघा, उद्या नको. एजीएम बसवल्यात आणि चार्जर अजून पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर आहे, हे फार सर्रास दिसतं.

दुसरं तापमान. बॅटरी जितकी गरम तितक्या कमी व्होल्टला ती गॅस काढायला लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीमागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. इंजिनाशेजारचा लॉकर ४० डिग्रीला असेल तर १४.४ चे १४.०४ व्हायला हवेत. हे हाताने कुणी करत बसत नाही, म्हणून चार्जरचा तापमान सेन्सर बॅटरीच्या टर्मिनलवरच लावा, चार्जरच्या पेटीत नाही, भिंतीवर नाही. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरलाही तसाच सेन्सर मिळतो. बॅटरी ५० डिग्रीच्या वर गेली की चार्जिंग बंद, विचार करायचा नाही.

इक्वलायझेशन, म्हणजे साडेपंधरा व्होल्टच्या आसपास मुद्दाम उकळवणं, हे फक्त पाण्याच्या बॅटरीला, आणि ते धक्क्याला असताना, दिवसा, सगळी हॅचेस उघडी ठेवून, बोटीत कुणी झोपलेलं नसताना.

लिथियमबद्दल विचारतात सगळे, म्हणून: लिथियम आयर्न फॉस्फेट नेहमीच्या वापरात गॅस काढत नाही, हे खरं आहे. पण आतून बिघडून तापत गेली तर ती जो धूर सोडते त्यात हायड्रोजन असतो, सीओ असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी गॅसही असतो. त्यामुळे लिथियम आली म्हणून जुनं भोक बुजवून टाकू नका, आणि सीओ अलार्म काढू नका.

पायरी ६: कुठला अलार्म कुठे

हायड्रोजनचा डिटेक्टर बॅटरीच्या वर, लॉकरच्या छताला, कललं तरी गॅस जिथे येईल तिथे. लॉकर रुंद असेल तर दोन सेन्सर. तो १ टक्क्याला वाजेल असा ठेवा, म्हणजे पेटण्याच्या पाव भागावरच कळतं आणि तुमच्या हातात वेळ राहतो. शक्यतो रिले (आपोआप चालणारा स्विच) असलेला घ्या आणि त्या रिलेने चार्जर बंद होऊ द्या, माणूस झोपलेला असतो, रिले झोपत नाही.

सीओचा अलार्म प्रत्येक झोपायच्या केबिनमध्ये, झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास, हॅचच्या थेट झोतात नाही आणि शेगडीच्या डोक्यावर नाही. ईएन ५०२९१-२ असं लिहिलेला घ्या, तो बोटीसाठी, हादरे-दमटपणा धरून तपासलेला असतो. हे अलार्म लगेच वाजत नाहीत, प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतात: ५० पीपीएमला तास ते दीड तास, १०० ला १० ते ४० मिनिटं, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजला ह्याचा अर्थ तुम्ही काही वेळापासून ती हवा घेताय. आता बॅटरीजवळ सीओ अलार्म लावला तर हायड्रोजनमुळे सारखा वाजेल म्हणून काही लोक तो लांब नेतात, ते ठीक आहे, पण तो चार्जिंगच्या वेळी वाजतो म्हणून काढून टाकणं ठीक नाही. चार्जिंगला वाजतोय म्हणजे बॅटरीचा गॅस केबिनमध्ये येतोय, तीच तर खबर आहे.

एलपीजीचा सेन्सर खाली, शेगडीखालच्या बिल्जमध्ये, पण पाण्याला लागणार नाही इतका वर. ह्या सेन्सरांना सिलिकॉनची वाफ चालत नाही. शेजारी सिलिकॉन सीलंट लावलं, सिलिकॉनचा पॉलिश स्प्रे मारला, की सेन्सर मरतो आणि बाहेरून हिरवा दिवा तसाच जळत राहतो. काम करायचं असेल तर सेन्सर काढून ठेवा, सीलंट पूर्ण सुकल्यावर बसवा.

वीज कुठून देताय ते बघा. २०१३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरात आर्निस्टन नावाच्या मोटरबोटीत जनरेटरच्या धुराने आई आणि मुलगी गेल्या. बोटीत सीओची सेन्सर यंत्रणा होती, पण ती विजेला जोडलेलीच नव्हती, असं तपासात निघालं. म्हणून सीओ अलार्म स्वतःच्या सीलबंद सेलवर चालणारा असू दे, आणि वायरिंगवाले अलार्म स्वतंत्र फ्यूजने घ्या, असे की दिव्यांचा मेन स्विच बंद केला तरी ते चालू राहतील.

पायरी ७: सिलिंडरचा लॉकर

सिलिंडरचा लॉकर केबिनकडून हवाबंद, वरून उघडणारा, आणि तळाशी बाहेर समुद्राकडे जाणारी नळी. ही नळी आतून निदान १९ मिलीमीटरची, सतत उतरती, आणि तिचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर, बोट कललेली असतानाही. केबिनच्या कुठल्याही उघडणाऱ्या जागेपासून ते तोंड अर्धा मीटर तरी लांब. लॉकरमध्ये दोर, फेंडर कोंबून ती नळी बुजवू नका. बॅटरी, स्विच, पंप ह्या लॉकरमध्ये नको.

गळती बघायची सोपी रीत: सगळ्या शेगड्या बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) उघडा, प्रेशर गेज भरला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सोलेनॉइड उघडाच राहू दे. दहा मिनिटं काटा बघत बसा. काटा जराही खाली आला तर कुठेतरी गळतंय, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, अमोनिया असलेला क्लीनर नको, पितळेला चिरा पाडतो.

पायरी ८: अलार्म वाजला

हे छापून केबिनच्या दाराच्या आत चिकटवा, पाहुण्यांनाही चढल्या चढल्या दाखवा.

अलार्म गप्प करू नका. सगळ्यांना उठवून उघड्यावर आणा आणि डोकी मोजा. बाहेर येताना दिव्याचा स्विच लावूही नका आणि बंदही करू नका, मोबाइलचा टॉर्च लागेल तर बाहेर जाऊनच लावा. इंजिन चालू असेल आणि सीओचा अलार्म असेल तर ते बंद करा. एलपीजीचा अलार्म असेल तर इंजिन सुरू करायचं नाही, बिल्ज पंप लावायचा नाही, ब्लोअरही नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की लागणारा) आपोआप लागतो, बरोबर जिथे एलपीजी साठलाय तिथेच. म्हणून पंप आणि त्याचा स्विच ठिणगी-संरक्षित हवेत, हे आधीच बघून ठेवायचं काम आहे, तेव्हाचं नाही.

हॅचेस बाहेरून उघडा. शोअर पॉवर धक्क्यावरच्या खांबावरून बंद करा, आतल्या पॅनलवरून नाही. एलपीजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरूनच बंद. मग थांबा. हायड्रोजन असेल तर उघड्या हॅचमधून तो लवकर निघून जातो. एलपीजी मात्र बिल्जमध्ये बसून राहतो, वारा नसेल तर तासन्‌तास, त्याला कॅनव्हासचा विंडस्कूप लावून हवा खाली ढकलावी लागते, किंवा हातपंपाने बिल्जमधून उपसावा लागतो.

कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, तर बोट लागली म्हणून झोपवू नका. सीओची लक्षणं अगदी बोट लागल्यासारखीच असतात. दोघांना किंवा जास्त जणांना एकाच वेळी, आणि उघड्यावर आल्यावर बरं वाटतंय, तर सीओच समजा, रेडिओवर मदत मागा, ऑक्सिजन असेल तर द्या.

सडक्या अंड्यांचा वास असेल तर लॉकरमध्ये डोकं घालायचं नाही. हवा पूर्ण खेळू द्या, मग बाहेरच्या आयसोलेटरने त्या बॅटरीला शेजारच्यांपासून तोडा, आणि ती थंड होईपर्यंत तिला हात लावू नका. थंड व्हायला कित्येक तास लागतात, आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कोमट होती.

पायरी ९: दर महिन्याचं

अलार्मचं टेस्ट बटण दाबलं की भोंगा आणि सर्किट चालतं एवढंच कळतं, सेन्सरला गॅस कळतो का ते नाही कळत. त्यासाठी कंपनी सांगते तो टेस्ट गॅस वर्षातून एकदा. प्रत्येक सेन्सरची मुदत असते, त्याच्यावर छापलेली तारीख मार्करने मोठ्या आकड्यांत दर्शनी बाजूला लिहा.

चार्जिंगला तासभर झाला की इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळ्या बॅटऱ्यांचं तापमान घ्या. एकाच बॅंकमधली एक बाकीच्यांपेक्षा पाचेक डिग्री जास्त असेल तर तीच पुढे दगा देणार. ती वेगळी करा, एक दिवस मोकळी ठेवा, मग व्होल्टेज बघा. भरलेली चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. साडेदहाच्या आसपास आली तर एक सेल गेलाय, ती परत बॅंकमध्ये लावायची नाही, "अजून एक सीझन काढू" म्हणून तर नाहीच.

आमच्या वहीत आता तारीख, तिन्ही बॅटऱ्यांची तापमानं, गेजचा काटा आणि टिश्यूची पट्टी आत ओढली की नाही, एवढे चारच रकाने आहेत. मित्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या आधी ते भरतो, आणि भरल्याशिवाय शेगडी पेटवू देत नाही.